चांदूर बाजारची संत्रा बाग आणि खोल गेलेलं पाणी

चांदूर बाजार तालुका म्हटलं की कपाशी, तूर आणि संत्रा. उत्तरेला सातपुडा, तालुक्यातून वाहणारी पूर्णा नदी, विश्रोळीला पूर्णा प्रकल्पाचं धरण. तरीही उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. असं का होतं आणि त्याचा आपल्या घरखर्चाशी काय संबंध, हे आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत.

संत्र्यालाच जास्त फटका का?

कपाशीचं एक वर्ष बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. संत्र्याचं झाड फळावर यायलाच पाच-सहा वर्षं लागतात. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो आणि तोडणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. म्हणजे मार्च ते जूनच्या कडक उन्हात फळ झाडावरच असतं. तेव्हा पाणी तुटलं की फळगळ होते, फारच तुटलं तर झाडच वाळतं. मग कर्ज एका हंगामाचं राहत नाही.

पाणी गेलं कुठे?

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि गाळाचे थर आहेत. पावसाचं पाणी तिथं मुरतं. पण मुरतं त्यापेक्षा उपसा जास्त. विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल बोअर. एकाची खोल गेली की शेजाऱ्याची कोरडी. भूजल कायद्यानुसार शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेता येत नाही, तरी ही शर्यत थांबलेली नाही. वरूड, मोर्शीसोबत आपला तालुका केंद्राच्या अटल भूजल योजनेत आला, तो यामुळेच. खाली दर्यापूर-भातकुलीच्या खारपाण पट्ट्यात तर बोअरला पाणी लागलं तरी ते खारं निघतं.

फक्त शेतकऱ्याचा प्रश्न नाही

बाग झाडावरच विकली जाते. व्यापारी इसार देऊन सौदा करतो. त्यानंतर तोडणीवाले, माल निवडणाऱ्या बाया, क्रेट भरणारे, हमाल, ट्रकवाले यांचा रोजगार सुरू होतो. आपल्या समाजातली कितीतरी बागवान कुटुंबं याच धंद्यावर जगतात. फळ गळालं की सौदा मोडतो, इसार अडकतो आणि मजुराची रोजी जाते. किराणा आणि कपड्याच्या दुकानातली उधारीही मग वाढते.

आपण काय करू शकतो?

ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. राज्याचं पूरक अनुदान धरून लहान शेतकऱ्याला 80 टक्के, इतरांना 75 टक्क्यांपर्यंत मदत आहे. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर नवी बाग लावली, तर उपसा तेवढाच राहतो. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळून विहिरीत सोडा. झाडाच्या आळ्यात काडीकचऱ्याचं आच्छादन करा. मशिदीतलं वजूचं पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना वळवता येतं, कमिट्यांनी हे मनावर घ्यावं.

जमिनीखालचं पाणी धुऱ्याने वाटलेलं नसतं. म्हणून नवी बोअर मारण्याआधी गावात बसून हिशेब करा: यंदा किती मुरलं आणि आपण किती उपसणार?