पडद्यापलीकडचे सोबती

दीर्घ आजार घरात आला की पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागते. फळांच्या पिशव्या येतात, डॉक्टरांची नावे सुचविली जातात, 'काही लागले तर हाक मारा' असे सांगून मंडळी जातात. तिसऱ्या महिन्यात दाराची घंटा क्वचितच वाजते. यात कोणाच्या मनाचा कोतेपणा नसतो. ज्याला त्याला आपली नोकरी आणि मुलांच्या परीक्षा असतात. परंतु रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्याने बोलावे कोणाशी?

गेल्या वर्षी माझे मेहुणे पक्षाघाताने अंथरुणास खिळले. त्यांच्याजवळ रात्री जागणारा माझा भाचा मोबाइलवर कसला तरी सांघिक खेळ खेळताना मला दिसला आणि मामाच्या अधिकाराने मी बहिणीला घरातील इंटरनेटची जोडणी तोडण्याचा सल्ला दिला. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला वेळेचा अपव्यय सहसा सहन होत नाही. खेळातील एका सवंगड्याच्या वडिलांना हाच विकार झाला असून रुग्णाची कूस कशी बदलावी हे आपण त्याच्याकडूनच शिकलो, असे भाचा सांगू लागला. मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पुढे नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत वाचनात आली आणि त्या सल्ल्याची मला लाज वाटली. १९८९ मध्ये जन्मलेल्या मॅट्सला लहानपणीच ड्यूशेन या स्नायूक्षयाच्या आनुवंशिक विकाराने गाठले. बहुतांशी मुलग्यांनाच होणारा हा विकार प्रथम चालणे हिरावून घेतो व अखेरीस हृदय आणि श्वसनावर घाला घालतो. चाकाच्या खुर्चीत बसलेला मॅट्स आपल्या खोलीत तासन् तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २००४ साली निघालेला खेळ खेळे. आयुष्याच्या अखेरच्या दहा वर्षांत त्याने पंधरा ते वीस हजार तास त्यात घालविले, असा अंदाज आहे. आईवडिलांना वाटे, मुलाला मैत्री ठाऊक नाही, आपल्या असण्याने कोणाचे काही चांगले होते हा अनुभवही नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मॅट्स निवर्तला. त्याने मागे ठेवलेल्या परवलीच्या शब्दाच्या आधारे वडिलांनी निधनवार्ता इंटरनेटवर दिली आणि देशोदेशींहून पत्रांचा ओघ सुरू झाला. खेळात तो 'इबेलिन' नावाने वावरत असे व 'स्टारलाइट' नामक एका लहानशा संघाचा सभासद होता. घरच्यांशी बिनसलेल्या एका डच मुलीसाठी त्याने तिच्या पालकांना पत्र लिहिले होते. स्वमग्न मुलाशी संवाद तुटलेल्या एका आईला, त्या मुलाबरोबर खेळात उतरून पाहा, असे त्याने सुचविले होते. मात्र तो संत नव्हता. सवंगड्यांना दुखावण्याइतका कडूही तो कधी होई, आणि स्वतःचा आजार त्याने त्यांच्यापासून अनेक वर्षे लपविला.

अंत्यविधीला संघातील काही जण परदेशांतून आले; प्रवासखर्च न झेपणाऱ्यांसाठी संघाने वर्गणी काढली. नेदरलँड्समधील एका वर्गात, आयर्लंडमधील एका दूरध्वनी केंद्रात, स्वीडनमधील एका ग्रंथालयात त्याच वेळी मॅट्ससाठी मेणबत्ती तेवत आहे, असे तेथे सांगण्यात आले. शिक्षक, कारकून, ग्रंथपाल अशी ही माणसे; आपल्यापेक्षा फारशी वेगळी नव्हेत. बेंजामिन री यांनी या साऱ्यावर काढलेला माहितीपट २०२४ मध्ये जगापुढे आला.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्या खेळाचे मासिक शुल्क मोजले जाते. मध्यरात्री दिलेला धीर मोजला जात नाही. आईने केलेली शुश्रूषाही त्यात नसते, ही आमच्या शास्त्रातील जुनी त्रुटी आहे. मॅट्सचे वडील पुढे ओस्लो शहराच्या कारभारात अर्थखाते सांभाळीत होते, ही गोष्ट या संदर्भात मला मोठी लक्षणीय वाटते.

खेळाचे व्यसन खोटे आहे असे मात्र कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला विकारांच्या सूचीत स्थान दिले आहे, आणि पैसे लावून खेळण्याच्या प्रकारांपायी किती घरे बुडाली हे आपण पाहिले. त्या प्रकारांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला; परंतु त्याच कायद्याने निव्वळ करमणुकीच्या सामाजिक खेळांना निराळे काढले. संसदेने केलेला हा भेद आपल्या घरांतून अजून कोणी करीत नाही. मुलाच्या हाती मोबाइल दिसला की आपला निकाल तयार असतो. तो कोणाशी बोलतो, हे आपण विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

गेल्या आठवड्यात बहिणीला दूरध्वनी करून मी माझा सल्ला मागे घेतला. ती हसून म्हणाली, "दादा, जोडणी मी तोडलीच कुठे होती?"