फुकटचा खेळ, खोटी जाहिरात

जाहिरात म्हटली की थोडे फुगवून सांगणे आलेच. साबणाच्या जाहिरातीतला सदरा दुधासारखा पांढरा असतो, आपल्या दोरीवरचा तितका कधीच होत नाही. पण म्हणून कोणी साबणवाल्याच्या दारात जाऊन भांडत नाही. एवढी सूट आपण पिढ्यान् पिढ्या देत आलो आहोत. पण साबणाच्या वेष्टनात साबणाऐवजी मिठाचा खडा निघाला तर? मोबाइलवरच्या खेळांच्या जाहिरातींत गेली काही वर्षे बऱ्याचदा हेच घडते आहे, आणि आपण सारे ‘चालायचेच’ म्हणून ते सोडून देत आहोत.

अशी एखादी जाहिरात तुमच्याही नजरेखालून गेली असेल. बातमी वाचता वाचता किंवा एखादे गाणे ऐकता ऐकता ती मध्येच उपटते. एक बिचारा राजा खोलीत अडकलेला असतो. एका बाजूला धगधगता लाव्हारस, दुसरीकडे पाणी, मध्ये सोन्यानाण्यांची रास आणि हे सगळे अडवून धरणाऱ्या दोन-तीन खिट्या. कोणती खिटी आधी ओढायची, एवढेच कोडे. पडद्यावरचा हात नेमकी चुकीची खिटी ओढतो आणि राजेसाहेब भस्मसात होतात. ‘अरे, पाण्याची आधी ओढायची!’ असे आपण मनाशी म्हणतो, तोवर आपले बोट जाहिरातीवर टेकलेले असते. ती चूक मुद्दामच दाखवलेली असते. हुशार माणसाला खिजवायचे असेल तर त्याच्यासमोर सोपे गणित चुकवावे, हे जाहिरात करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

माझी पाचवीतली पुतणी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अशाच एका खेळाच्या मागे लागली. खेळ उतरवून घेतला, तर आत ना राजा, ना खिट्या. रंगीत फळांची अदलाबदल करून एकसारखी तीन एका ओळीत आणायची, बस्स. ‘पुढच्या पायरीला येईल, काका,’ म्हणत तिने दोन दिवस तीच फळे जुळवली. शेवटी मी म्हटले, “अगं, तुला फसवलं त्यांनी.” त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, “पण काका, फुकट आहे ना तो? मग फसवलं कसं?”

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. तुम्हीआम्हीही मनातल्या मनात तसेच म्हणतो. खिशातून पैसा गेला नाही, मग तक्रार कसली?

पण फुकटच्या खेळाचा संसार चालतो कसा, ते एकदा पाहायला हवे. खेळ उतरवून घेण्याचे पैसे पडत नाहीत हे खरे. मात्र पुढे जादा जीव, जादा चाली, वाट पाहणे टाळण्याची सोय, असे सारे आत विकायला ठेवलेले असते. बहुसंख्य खेळाडू छदामही देत नाहीत, थोडेसेच देतात. ते थोडे सापडावेत म्हणून आधी अफाट गर्दी आत ओढावी लागते. जे पैसे देत नाहीत त्यांना मधूनमधून दुसऱ्या खेळांच्या जाहिराती दाखवल्या जातात, त्यातूनही मिळकत होते. मग गर्दी जमवायला एकाच खेळाच्या कितीतरी जाहिराती बनवतात, थोड्याथोड्या लोकांना दाखवून पाहतात, आणि जिच्यावर जास्त बोटे टेकतात ती ठेवतात. इथे खेळ खरा दाखवला की खोटा, हा प्रश्न कोणी विचारतच नाही; बोट टेकले की नाही, एवढेच मोजले जाते. खिट्यांची कोडी या मोजणीत पुढे गेली, म्हणून ती भलत्याच खेळांच्या अंगावर चढवली गेली.

याचा एक निवाडा इंग्लंडात झाला आहे. प्लेरिक्स या कंपनीचे ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ हे दोन खेळ जगभर खेळले जातात. दोन्ही मूळचे तीन-तीन चित्रे जुळवण्याचे. २०२० साली फेसबुकवर त्यांच्या जाहिराती झळकल्या त्या मात्र खिट्या ओढण्याच्या. तिथल्या ‘अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी’ या संस्थेकडे तक्रारी गेल्या. कंपनीचे म्हणणे असे, की तसली कोडी खेळात आहेत, आणि ‘सर्व दृश्ये प्रत्यक्ष खेळातली नाहीत’ असे आम्ही लिहिलेही होते. संस्थेने दोन्ही बचाव फेटाळले. ती कोडी खेळात अगदी तुरळक होती, आणि अशी तळटीप लिहिल्याने मूळ दिशाभूल पुसली जात नाही, असा तिचा निर्णय झाला. त्या जाहिराती पुन्हा दाखवण्यास मनाई झाली.

यातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट म्हणजे तक्रारींची संख्या. ती होती अवघी ७. एवढ्या लोकप्रिय खेळांबद्दल तक्रार करावी असे फक्त सात जणांना वाटले! बाकीच्यांनी बहुधा माझ्या पुतणीसारखाच विचार केला असेल.

खेळ विकताना थापा मारणे हे काही मोबाइलपासून सुरू झालेले नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेट मिळत. त्यांवर ‘९९९९९९ इन १’ असा आकडा दिमाखात छापलेला असे. प्रत्यक्षात आत मोजके खेळ, आणि तेच नावे बदलून पुन:पुन्हा. पण तिथे भांडायला दुकानदार होता. कॅसेट घेऊन गल्लीच्या तोंडावर जाता येत होते, बदलून दे म्हणता येत होते. आजच्या विक्रेत्याला ना दुकान, ना चेहरा.

हेही मान्य करायला हवे, की प्रत्येक अपेक्षाभंग म्हणजे फसवणूक नसते. ‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळातल्या ग्रहांवर भटकण्याचा खेळ २०१६ साली आला, तेव्हा जाहिरातीत दाखवले ते आत नाही म्हणून मोठा गहजब झाला. त्याच इंग्लिश संस्थेने चौकशी केली आणि जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्वाळा दिला. कारण त्यातले ग्रह गणिती सूत्रांनी तयार होतात, एका खेळाडूला दिसेल ते दुसऱ्याला दिसेलच असे नाही. खेळाच्या कर्त्यांनी पुढे वर्षानुवर्षे नवनवी भर फुकट घालून लोकांची मने बऱ्याच अंशी परत मिळवली.

उलट ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या २०१३ सालच्या खेळाच्या जाहिरातीत नमुना म्हणून बनवलेली देखणी दृश्ये होती आणि विकत घेतलेला खेळ त्यापुढे फिका निघाला. तक्रार झाल्यावर सेगा कंपनीने इंग्लंडातल्या जाहिरातींवर तसा खुलासा टाकायचे कबूल केले. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, आणि २०१४ साली सेगाने साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड करण्याची तयारी दाखवली. लक्षात घ्या, हे दाव्यापर्यंत गेले, कारण लोकांनी रोख पैसे मोजले होते.

म्हणजे रेषा कुठे ओढायची? मला वाटते, खेळ आहे त्यापेक्षा सुंदर दाखवणे हे फुगवणे झाले; त्याला काही मर्यादेपर्यंत माफी आहे. दुसराच खेळ दाखवणे ही अदलाबदल झाली, आणि तिला ‘फुकट’ या शब्दाची पळवाट मिळता कामा नये.

आपल्या देशातही याला कायद्याचा आधार आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तीच आगळीक केली तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप मूळ दाव्याच्या विरुद्ध असू शकत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदाही संसदेने २०२५ साली केला. फळे जुळवण्याचे फुकट खेळ मात्र त्या बंदीत येत नाहीत. तिथे आपणच जागे राहायचे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक घरात लिहून ठेवायला हरकत नाही.

तक्रार नंतर करता येईल. आधी घरातला साधा उपाय. मुलाने खेळ मागितला तर जाहिरातीवरून लगेच उतरवू नका. त्याचे नाव शोधून, कोणी प्रत्यक्ष खेळतानाचे चित्रीकरण पाच मिनिटे मुलाबरोबर बसून पाहा. जाहिरातीत काय होते आणि इथे काय आहे, हे त्यालाच सांगू द्या. मुले ही तुलना फार चटकन करतात. त्यांना त्यात खेळण्याइतकीच मजा येते.

आणि मुलांना एक हिशेब जरूर शिकवा. दोन दिवस वाट पाहिली, ते दिवस आपलेच होते. सुट्टीतले दोन दिवस ही दहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने मोठी रक्कम असते. ज्याच्यासाठी आपण वेळ मोजला ते फुकट नसते, आणि खोट्याने पैसा न घेता वेळ घेतला म्हणून ते खरे होत नाही. एवढे मुलांच्या मनात उतरले, तरी पुढे त्यांना मोठमोठ्या जाहिराती वाचताना ते उपयोगी पडेल.