सुजेवरची विकरे : एका गोळीची कैफियत

अक्कलदाढ उपटून घेतलेला, पायरीवरून घसरून घोटा मुरगळलेला किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया आटोपून घरी परतलेला एखादा मनुष्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात औषधाच्या दुकानापुढे उभा असेल, तर त्याच्या हातातील चिठ्ठीवर बहुधा एक गोळी अशी असते, की जिच्या वेष्टनावर तीन नावे एकाखाली एक छापलेली असतात : अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज. पैकी पहिली दोन वेदनाशामक म्हणून सर्वश्रुत आहेत आणि त्यांच्या गुणदोषांची रुजवात वैद्यकाच्या दप्तरात फार पूर्वीच झालेली आहे. तिसरे नाव उच्चारायला अवघड. म्हणून दुकानदार त्याचे ‘एसपी’ करून टाकतो आणि गिऱ्हाइकाने विचारलेच तर ‘ती सुजेची’ एवढे सांगून सुटे पैसे परत करतो. या तिसऱ्या नावाची कैफियत मुळापासून ऐकण्यासारखी आहे. कारण अलीकडे ‘शरीरातील दाह आटोक्यात ठेवणारी नैसर्गिक एन्झाइमे’ या जाहिरातीखाली ज्या डब्या आणि कॅप्सुले महाग दराने विकली जातात, त्यांच्यामागचा सारा तर्क आणि त्या तर्काची सारी दुबळी बाजू या एकाच द्रव्याच्या चरित्रात एकवटलेली आहे.

प्रथम सुजेविषयी. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली, ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, कच्च्या सुजेला शस्त्र लावणारा आणि पिकलेल्या सुजेची उपेक्षा करणारा अशा दोन्ही प्रकारच्या वैद्यांची तेथे सारखीच निर्भर्त्सना केली आहे. या दोन्ही परंपरांना एक गोष्ट ठाऊक होती, ती ही की सूज हा रोगच असतो असे नाही. पुष्कळदा तो शरीराने आपण होऊन योजलेला बंदोबस्त असतो. इजा झालेल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे तंतू जाळे विणून जंतूंना व मृत पेशींना पुढे सरकू देत नाहीत, आणि काम आटोपल्यावर शरीर स्वतःच प्लाझ्मिन नावाच्या विकराकरवी ते जाळे उकलते. अक्कलदाढ काढल्यानंतरची गालाची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि कोणतेही औषध घेतले न घेतले तरी साधारण आठवड्याभरात ओसरते. हा कालक्रम वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

आता विकरांविषयी. पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्यांना ‘एन्झाइम’ हे नाव विल्हेल्म क्यूने या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात दिले. ती जिवंत पेशीच्या बाहेरही काम करतात हे एदुआर्द बुखनर याने १८९७ साली यीस्टचा अर्क काढून सिद्ध केले, आणि जेम्स समनर याने १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवून ती प्रथिनेच असतात असा निर्वाळा दिला. त्यांतला एक वर्ग दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे करणारा. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावून ठेवणारी गृहिणी याच वर्गातल्या पपेनचा उपयोग करीत असते. अननसातील ब्रोमेलेन हे त्याचेच भावंड, आणि आपल्या स्वादुपिंडातून आतड्यात स्रवणारी ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन ही त्याच व्यवसायातली. भांडे आचेवर चढून चांगले तापले की पपेनचे कार्य संपते, कारण विकर हे स्वतः प्रथिन असल्यामुळे उष्णतेने, आम्लाने आणि इतर विकरांनी त्याचा नाश होतो. पुढील सर्व वादाचे बीज या शेवटल्या वाक्यात आहे.

विकरे पोटात घेऊन रोग बरा करावा ही कल्पना सोपी आणि म्हणूनच मोहक आहे. सूज म्हणजे प्रथिनयुक्त द्रव आणि फायब्रिनचे जाळे. प्रथिने विरघळवणारे द्रव्य रक्तात पोचले तर जाळे उकलेल, कोंडलेला द्रव वाहून जाईल, वेदना उत्पन्न करणारे ब्रॅडिकायनिनसारखे पदार्थ मोडून पडतील आणि रोग्याला आराम पडेल. एडिंबरोचा गर्भशास्त्रज्ञ जॉन बिअर्ड याने विसाव्या शतकाच्या आरंभी कर्करोगावर ट्रिप्सिनची योजना सुचवली, ती टिकली नाही. परंतु पुढे न्यूयॉर्कमध्ये माक्स वोल्फ आणि त्याचा सहकारी कार्ल रान्सबर्गर यांनी प्राणिज व वनस्पतिज विकरांची मिश्रणे तयार केली आणि जर्मनीत त्यांचा बराच प्रसार झाला. ब्रोमेलेन ९० मिलिग्रॅम, ट्रिप्सिन ४८ मिलिग्रॅम आणि रुटोसाइड १०० मिलिग्रॅम अशा प्रमाणाची जी गोळी आपल्याकडचे अस्थिरोगतज्ज्ञ लिहून देतात, ती याच घराण्यातली होय. एक लाख आर्मर युनिटांची ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची गोळी शस्त्रक्रियेनंतर देण्याचा परिपाठही आपल्या रुग्णालयांत जुना आहे.

सेराशिओपेप्टिडेज मात्र जपानचे. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात राहणाऱ्या सेराशिया जातीच्या एका जिवाणूपासून, ज्याला संशोधकांनी ई-१५ असे नाव दिले, ताकेदा या जपानी औषध कंपनीने ते वेगळे केले आणि १९६८ मध्ये ‘डॅन्झेन’ या नावाने बाजारात आणले. या उगमाभोवती एक गोष्ट रचली गेली असून ती आजही प्रत्येक विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडते : म्हणे हेच ते द्रव्य, की ज्याच्या बळावर पतंग आपला कोश विरघळवून बाहेर पडतो, आणि जे कोशाचे करते तेच ते आपल्या सुजेचे करील. गोष्ट सुरेख आहे, पण खोटी आहे. कोशाला छिद्र पाडणारे विकर पतंग स्वतःच्या मुखावयवांवर निर्माण करतो, त्याचे नाव ‘कोकूनेज’, आणि १९६४ साली हार्वर्डमधील काफाटोस आणि विल्यम्स यांनी ते वर्णिलेले आहे. सेराशिया जिवाणूचा त्याच्याशी काही संबंध नाही. ज्या औषधाच्या जाहिरातीला जन्मकथेतच अशी भर घालावी लागते, त्याच्या पुढील साक्षी अंमळ सावधपणेच तपासलेल्या बऱ्या.

तपासू लागले की पहिली अडचण मार्गाची. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूचे वजन १८० आहे. सेराशिओपेप्टिडेजचे सुमारे ५० हजार. जठराचे आम्ल हे प्रथिन टिकू देत नाही, म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारा लेप चढवावा लागतो. त्या लेपामुळे आम्लातून वाचून ती आतड्यात उतरली तर तेथे शरीराची स्वतःची विकरे तिच्यावर तुटून पडतात, आणि त्यातूनही निभावले तर आतड्याच्या भिंतीतून एवढा मोठा रेणू अखंड स्वरूपात फारच थोड्या प्रमाणात पार होतो. अल्पसा अंश रक्तात आढळल्याचे प्रयोग आहेत, ब्रोमेलेनच्या बाबतीत तर माणसांतही आहेत, हे मान्य करायला हवे. पण रक्तात पोचल्यावरही मोकळीक कोठे? परक्या प्रथिनभक्षक विकरांना तेथे मुभा मिळाली तर रक्त गोठण्याची सारी व्यवस्था कोलमडेल. म्हणून अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन जणू नाक्यावरचा शिपाई असल्याप्रमाणे अशा प्रत्येक विकराला गिरफ्तार करते आणि यकृताच्या स्वाधीन करून टाकते. एवढे अडथळे ओलांडून काही मिलिग्रॅम द्रव्याने नेमका सुजलेला घोटा गाठावा ही अपेक्षा अशक्य नसली तरी तिच्यासाठी भक्कम पुरावा मागण्याचा अधिकार रोग्याला आहे.

तो पुरावा अखेर मूळ उत्पादकानेच शोधून पाहिला. जपानात औषधांच्या फेरतपासणीची पद्धत आहे. तिला अनुसरून ताकेदाने घोटा मुरगळलेल्या रुग्णांत आणि जुनाट श्वासनलिकादाहाच्या रुग्णांत डॅन्झेनची तुलना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीशी केली, आणि दोहोंत फरक सिद्ध होईना. तेव्हा २०११ च्या फेब्रुवारीत कंपनीने हे औषध स्वखुशीने बाजारातून मागे घेतले. चाळीस वर्षांहून अधिक काळ खपलेल्या मालाविषयी असा निर्णय घेणे हे व्यापारात सहसा दिसत नाही, आणि मला तरी त्यात त्या कंपनीचा उणेपणा न वाटता मोठेपणाच वाटतो. आपल्याकडे दिल्लीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी २०१३ मध्ये या द्रव्यावरील उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर परामर्श घेतला, तेव्हा त्यांनाही ते अभ्यास लहान, सदोष आणि निष्कर्षास अपुरे असेच आढळले. विरुद्ध बाजूची नोंदही केली पाहिजे : दाढेच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज या गोळीने काहीशी कमी झाल्याचे सांगणाऱ्या छोट्या चाचण्या आहेत, तशाच काहीच फरक न दाखवणाऱ्याही आहेत. ब्रोमेलेनची गोष्ट याहून फार निराळी नाही. गुडघ्याच्या संधिवातात दररोज ८०० मिलिग्रॅम बारा आठवडे देऊनही निष्क्रिय गोळीहून ते सरस ठरले नाही असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. विकरांचे मिश्रण डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या तोडीचे ठरल्याचे काही अहवाल सांगतात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पण सांधेदुखीत निष्क्रिय गोळीनेही पुष्कळांना बरे वाटते, त्यामुळे निष्क्रिय गोळी घेणारा गट ज्या चाचणीत नाही तिचा निकाल अर्धवटच समजावा लागतो.

मग ज्या औषधाला जन्मभूमीने रजा दिली ते आपल्याकडे इतके सुखाने कसे नांदते? एक सबब वर सांगितलेल्या कालक्रमात आहे : सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायचीच असते, गोळीचा पाच दिवसांचा क्रमही तेव्हाच संपतो, आणि श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होते. दुसरी सबब संयुक्त गोळीच्या रचनेत आहे. दोन कर्ती औषधे शेजारी बसली असताना तिसऱ्याने काय केले हे ना रोग्याला कळते, ना डॉक्टराला. दरमहा मुशाहिरा तिघांनाही मिळतो. आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी वाटते. अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे दाह कमी करतात ती कशी, हे जॉन व्हेन याने १९७१ मध्ये दाखवले : प्रोस्टाग्लँडिने निर्माण करणारे शरीरातील एक विकर ती बंद पाडतात. म्हणजे दाहावरचे सर्वांत पारखून घेतलेले उपाय हे विकर वाढवणारे नसून विकराला आवर घालणारे आहेत. हा योगायोग असेल, पण ‘शरीरात एन्झाइमे कमी पडली म्हणून दाह झाला’ असे बिनदिक्कत सांगणाऱ्या जाहिरातदाराने तो एकदा मनाशी घोळवावा.

याचा अर्थ विकरे औषध म्हणून निरुपयोगी, असा कोणी काढील तर तो अन्याय होईल. ती जेथे प्रत्यक्ष नेऊन ठेवली जातात तेथे त्यांचा पराक्रम वादातीत आहे. स्वादुपिंड निकामी झालेल्या रोग्याला जेवणाबरोबर दिलेली विकरे आतड्यात अन्न पचवतात. ती रक्तात शिरण्याचा प्रश्नच नसतो. बार्सिलोनाच्या बाराकेर या नेत्रवैद्याने मोतीबिंदू काढताना भिंगाचे तंतू सैल करण्यासाठी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्फा-कायमोट्रिप्सिन डोळ्यात घातले आणि ती पद्धत वर्षानुवर्षे जगभर चालली. अननसाच्या खोडातील विकरांचा लेप भाजलेल्या त्वचेवर चार तास ठेवला असता मृत थर सुटून येतो आणि जिवंत त्वचा राहते. या लेपाला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये सरकारी मंजुरी मिळालेली आहे. पपईतील कायमोपपेन पाठीच्या सरकलेल्या चकतीत टोचण्याची परवानगी अमेरिकेने १९८२ मध्ये दिली होती. त्या टोचणीचा गुण येई, पण काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जीचे जीवघेणे झटके आले, मज्जारज्जूला इजा झाल्याचीही उदाहरणे घडली, आणि तो उपाय पुढे मागे पडला. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी या समजुतीला हे एवढे उत्तर पुरे.

पोटातून घेतलेल्या विकरांचे उपद्रव बहुतांशी किरकोळ असतात : मळमळ, पातळ शौच, क्वचित अंगावर पित्त उठणे. परंतु वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे किंवा दररोजचे अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते, म्हणून अशांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी या डब्यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. पपई, अननस किंवा रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेस जाऊ नये. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापण्याची कायद्याने ताकीद आहे. ती ओळ बारीक टाइपात असते आणि तिच्याच शेजारी सांधेदुखीचे चित्र ठळक असते, तेव्हा खरेदीपूर्वी चष्मा लावून ती शोधावी. आणि ‘दाह’ हा एकच शब्द मुरगळलेल्या पायाला, हिरड्यांना, आमवाताला आणि हृदयाच्या धमन्यांना सरसकट लावणाऱ्या विक्रेत्याच्या भरवशावर आमवाताच्या रोग्याने आपले मेथोट्रेक्सेट बंद करण्याचे साहस मुळीच करू नये. त्या आजारात गेलेला काळ सांध्यांच्या विकृतीच्या रूपाने कायमचा राहतो. साध्या मुरगळीला विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवणे पुरते, वेदना फार झाल्यास एकेरी वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, आणि पुढल्या वेळी चिठ्ठीवर तीन नावांची गोळी आली, तर तिसरे नाव वगळून पहिल्या दोहोंवर भागेल काय एवढे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.