आधी काम, मग कॅमेरा!

नवा फोन आला की फोटोग्राफी सुरू. भारीतलं फाउंटन पेन घेतलं की डायरी सुरू. नवं रायटिंग अ‍ॅप डाउनलोड केलं की थेट कादंबरीच सुरू! पहिले आठ दिवस सगळं झक्कास चालतं. मग फोनमध्ये स्क्रीनशॉट्सची गर्दी होते, डायरीची चारच पानं भरतात आणि कादंबरीचं फक्त नाव ठरलेलं असतं. तुमच्याही ड्रॉवरमध्ये अशी दोन-चार साधनं पडून असतील, तर आपल्या कोल्हापूरच्याच एका अवलियाची गोष्ट तुमच्यासाठी आहे.

कॅमेरा नाही? मग बनवू की!

बाबूराव मेस्त्री म्हणजे आपले कलामहर्षी बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार. त्यांना आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर यांना सिनेमाचं वेड लागलं. हाताशी होता एक जुना प्रोजेक्टर. तो समजून घेत दोघांनी कॅमेऱ्याची खटपट सुरू केली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव मात्र थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साथीनं त्यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ मध्येच उभी राहिली होती. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला.

हे काम किती अवघड होतं? सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म लेन्समागे क्षणभर थांबते, चित्र उमटतं आणि मग फिल्म अगदी मोजून तेवढीच पुढे सरकते. हे सेकंदाला अनेक वेळा, तेही हातानं हँडल फिरवून! यात जरा जरी फरक पडला तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार. त्यामुळे प्रत्येक स्क्रू कशासाठी आहे, हे या मंडळींना पाठ होतं. पुढे १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशात शूटिंग केलं आणि १९२५ मध्ये सावकारी जाचावर ‘सावकारी पाश’ काढला. डोक्यात चित्रं आधी होती, यंत्र नंतर आलं. आपण नेमकं उलटं करतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, त्याच्या बाजूनं बाइक काढताना एकदा हे आठवा.

आणि उजेडाचं म्हणाल, तर तो कोल्हापूरकरांना शिकवायलाच नको. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर ठरलेल्या दिवशी, काही मिनिटांसाठीच येतात. पूर्वजांनी उजेड इतका बारकाईनं पाहिला होता! एक महिना रोज संध्याकाळी त्याच वेळी रंकाळ्यावर उभं राहून एकच फ्रेम टिपा. आहे त्याच फोननं. लेन्स बदलून जे कळणार नाही, ते उजेड बदलताना कळेल.

अक्षरांचा पेटारा

लिहिणाऱ्यांची अडचण जरा वेगळी. मराठी टायपिंग म्हटलं की अनेकांना ‘श्रीलिपी’, ‘आकृती’चे दिवस आठवतील. त्या काळच्या बऱ्याच फॉन्ट्समध्ये ‘क’ दिसायचा खरा, पण आत कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्याच जागी बसलेला असायचा. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की स्क्रीनवर नुसता गिचमिड काला! सर्च केलं तरी शब्द सापडत नाही. लिहिलेलं सगळं जागेवर, पण वाचता येत नाही.

युनिकोडनं हा घोळ मिटवला. इथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर, फॉन्ट कुठलाही असो. अर्थात मराठीला थोडी वाट पाहावी लागली. आपल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. टायपिंगला आता पर्याय भरपूर आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण एकदा बसलं की सुसाट. गुगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आलं. पहिला खर्डा बोलून काढायला ते झकास. कुठलंही निवडा, पण एकच निवडा आणि ते पक्कं करा.

पाणी आलं तर?

आता खरी गोष्ट. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची आणि पडून पडून खराबही व्हायची. एवढ्या कष्टानं बनवलेल्या कॅमेऱ्यानं काय टिपलं, ते आपण आता बहुतांशी ऐकायचं आणि वाचायचं! १९४८ मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, तेव्हाही आगीनं पुष्कळ काही नेलं.

आणि आगीचंच कशाला? २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापुरात कोण विसरेल? पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा माणसं आधी बाहेर काढली, मग गाड्या आणि जमलंच तर कागदपत्रं. लग्नाचे अल्बम, आजोबांच्या वह्या, कपाटातली हार्ड डिस्क यांचा नंबर शेवटी. फाउंटन पेनाची साधी निळी शाई पाण्यात पसरून जाते. पेन्सिलीचं लिहिलेलं मात्र बऱ्यापैकी टिकतं. हार्ड डिस्कचं तर बोलायलाच नको.

म्हणूनच फोटोग्राफर मंडळी ३-२-१ चा नियम सांगतात. प्रती तीन, माध्यमं दोन आणि एक प्रत घराबाहेर. ही ‘घराबाहेर’ची अट नदीकाठच्या गावाला फार लागू पडते. क्लाउड चालेल, नाहीतर उंचावर राहणाऱ्या मावशीचं कपाटही चालेल.

या शनिवारी एवढं करा

* जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स शोधा आणि कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये घ्या. नंतर एकदा वाचून काढा, कारण जोडाक्षरं हमखास चुकतात.

* नवं अ‍ॅप घेण्याआधी बघा, लिहिलेलं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढता येतं का? येत नसेल तर राम राम.

* घरातल्या जुन्या फोटोंचे दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश बंद करून फोटो काढा. कोण आहे, कुठलं गाव, साधारण कुठलं साल, हे आजी-आजोबांना विचारून लगेच लिहून ठेवा.

* वर्षभरातले फक्त बारा फोटो निवडून प्रिंट काढा. बारा हजारांतून बारा निवडताना आपली नजर कळते.

* नवीन गॅजेट घ्यायचंय? बिनधास्त घ्या. पण हातातल्या साधनानं काय करता येत नाही, ते आधी एका ओळीत लिहा. ओळ सुचलीच नाही, तर पैसे वाचले म्हणायचे. त्या पैशांत मस्त तांबडा-पांढरा होऊन जाऊ दे!