चौथ्या बाकापर्यंत

चौलच्या पावसात पत्र्याखाली बसून दोन माणसांना धड बोलता येत नाही, ओरडावे लागते. रामेश्वराच्या देवळापासून रेवदंड्याकडे जाताना दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत कौलारू घरे, असे आमच्या गावाचे जुने रूप. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, माड आडवे झाले, कौले उडाली; आणि दुरुस्तीला जे हाताशी आले त्यात पत्रा बराच होता. कौलावरचा पाऊस सोसवतो, पत्र्यावरचा ताशासारखा वाजतो. या फरकाचा एखाद्या मुलीच्या अभ्यासाशी संबंध असेल हे मला तेव्हा सुचले नव्हते.

आमच्या आळीतली एक मुलगी दोन्ही कानांनी कमी ऐकते. यंत्रे लावली की घरात तिच्याशी व्यवस्थित बोलता येते. आजीची हाक तिला मागच्या पडवीतून ऐकू जाते. ती चौथीत असताना तिच्या आजीने मला तिची वही दाखवली. शेरा होता, ‘लक्ष नसते. व्याकरण कच्चे.’ आजी म्हणाली, “तू काहीबाही वाचत असतोस, बघ जरा हिचं काय होतंय.” मी ना डॉक्टर ना शिक्षक. रेडिओ उघडून दुरुस्त करण्याच्या नादातून थोडेफार ध्वनिशास्त्र वाचले होते, एवढेच भांडवल.

वहीतल्या श्रुतलेखनाची पाने मी ओळीने वाचली, आणि चुका भलत्याच शिस्तीच्या निघाल्या. ‘रामाने’, ‘रामाला’ बरोबर. ‘शाळेत’ मात्र ‘शाळे’. ‘तू आलीस’ याचे ‘तू आली’. शब्दाच्या शेवटचा ‘त’ आणि ‘स’ गळत होता. ‘ने’ आणि ‘ला’ यांत सघोष व्यंजन आहे, पुढे स्वर आहे, त्यांना अंग आहे. उच्चारताना शेवटी आलेला ‘त’ किंवा ‘स’ म्हणजे स्वराशिवायची क्षणभराची फुंकर, तीही उंच कंपनांची. बोलण्यातली ताकद स्वरांत असते आणि अर्थ बराचसा व्यंजनांत असतो. मराठीने तर अर्ध्या विभक्त्या आणि क्रियापदाचा ‘तू’ की ‘ती’ हा निवाडा या फुंकरीवर सोपवला आहे. ज्याचा कान शाबूत आहे तो न ऐकलेले अक्षर अंदाजाने भरून काढतो, कारण ती भाषा त्याने आधी हजारो वेळा पूर्ण ऐकलेली असते. हिने ती पूर्ण ऐकलेलीच नव्हती. व्याकरण कच्चे नव्हते. ते तिच्यापर्यंत पोचत नव्हते.

मग घरात ऐकू येते आणि वर्गात का नाही? उत्तर अंतरात आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बाईंचा आवाज त्यांच्यापासून एक मीटरवर साधारण ६० ते ६५ डेसिबल धरला, तर चार मीटरवर, म्हणजे चौथ्या बाकाशी, थेट पोचणारा आवाज १२ डेसिबलने कमी झालेला असतो. पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, रस्त्यावरची एसटी आणि चार महिने पत्रा हे सगळे मात्र तिथे आपापल्या जागी कायम असतात. शिवाय प्लॅस्टर केलेल्या भिंती आणि लादी ध्वनी परतवतात. एका शब्दाचा घोळ संपेपर्यंत पुढचा शब्द येऊन त्यावर चढतो. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांसाठीच्या मानकात रिकाम्या खोलीतला गोंगाट ३५ डेसिबलपर्यंत आणि घुमण्याचा काळ लहान खोलीत ०.६ सेकंदापर्यंत असावा असे म्हटले आहे. शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने तरी वर असावा, हा कर्णबधिर मुलांसाठी नेहमी सांगितला जाणारा दंडक. आपल्या वर्गांत आवाज आणि गोंगाट बहुधा एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण चांगले शिकलेले लोकही त्यात अडकतात. श्रवणयंत्र म्हणजे कानाचा चष्मा नव्हे. चष्मा लावला की अंधुक दिसणारे स्पष्ट दिसते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, म्हणजे बाईंचाही आणि पंख्याचाही. नवी यंत्रे समोरच्या दिशेचा आवाज थोडा निवडतात, पण त्याचा उपयोग दोन-तीन मीटरांपर्यंत. आणि आतल्या कानातल्या संवेदी पेशी गेल्या की जवळजवळचे ध्वनी वेगळे काढण्याची क्षमताही जाते. ती कोणत्याही यंत्राने परत येत नाही. मोठ्याने बोलून हा प्रश्न सुटत नाही. उलट ओरडताना स्वर फुगतात आणि व्यंजने तिथल्या तिथे राहतात.

उपाय सोपा आहे, म्हणूनच कदाचित कुणाच्या मनात येत नाही. कान हलवता येत नसेल तर तोंड जवळ आणावे. बाईंच्या गळ्यात, तोंडापासून वीतभर खाली, एक लहान माइक अडकवायचा. तो आवाज बिनतारी पाठवायचा आणि मुलीच्या यंत्रात थेट उतरवायचा. तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आवाज एक मीटरच्या मानाने सुमारे १६ डेसिबल जास्त असतो. चौथ्या बाकाशी ताडून पाहिले तर फरक २८ डेसिबलच्या आसपास जातो. मधली हवा, घुमणाऱ्या भिंती, पत्रा हे सारे ओलांडले जाते. बाई कुठेही उभ्या असोत, मुलीच्या कानाला त्या वीतभर अंतरावर असतात.

ही कल्पना जुनी आहे. १९३७ साली ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी चुंबकीय वेटोळ्याचे पेटंट घेतले. खोलीभोवती तारेचे एक वेटोळे फिरवायचे, त्यातून आवाजाबरहुकूम प्रवाह सोडायचा, आणि यंत्रातल्या इवल्याशा गुंडाळीने तो पकडायचा. जुन्या यंत्रांवर ‘एम’ आणि ‘टी’ असे बटण असे, त्यातला ‘टी’ यासाठीच. स्वस्त आणि टिकाऊ, पण शेजारच्या खोलीत झिरपणारा, विजेच्या वायरिंगजवळ गुणगुणणारा, आणि मान वाकवली की क्षीण होणारा. कर्णबधिरांच्या शाळांतून बाकांना तारांनी जोडलेले हेडफोनही होते. त्यांत मूल बाकाला बांधले जाई. पुढे एफएम आले, तेच आपल्या रेडिओचे तंत्र. अमेरिकेत १९७० च्या दशकात ७२ ते ७६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा यासाठी वापरात आला. त्यात प्रत्येक वर्गाला वेगळी वाहिनी द्यावी लागे, नाहीतर तिसरीतल्या मुलाला पाचवीचा भूगोल ऐकू येई. आता डिजिटल पद्धत आहे. फोनाक कंपनीची रॉजर ही प्रणाली २०१३ पासूनची. ती वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सतत वाहिनी बदलत चालते आणि वर्गातला गोंगाट वाढला की माइकचा आवाज आपोआप उचलते. घुमटातला प्रतिध्वनी टाळायला निघालेला माणूस इथवर पोचला.

आमच्या मुलीला हे मिळवायला तिच्या वडिलांना मुंबईच्या खेपा झाल्या. रेवसहून लाँच भाऊच्या धक्क्याला लागते, म्हणजे माझगावात. कर्णबधिरांसाठीची देशातली पहिली शाळा याच माझगावात, १८८० च्या दशकात, बिशप लिओ मेरिन यांच्या पुढाकाराने निघाली. पुढे लोकल पकडून वांद्रे. तिथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये वारलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. किनारपट्टीवरच्या कित्येक आयांनी मूल कडेवर घेऊन ही वाट तुडवली असेल. या वाटेवर वडिलांना यंत्राविषयी सगळे सांगितले गेले, पण माइकचे नाव पहिल्यांदा निघाले ते तिसऱ्या वर्षी, तेही त्यांनीच विचारल्यावर. सरकारी सहाय्यक उपकरणांची योजना १९८१ पासून चालू आहे आणि आता तीत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी काही लाख रुपये मिळतात, ही मोठीच गोष्ट. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ शाळांना प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करायला सांगतो. लाखोंचे यंत्र कानात आणि वर्गातले शेवटचे चार मीटर तसेच, ही माझी तक्रार. नदीवर पूल बांधून दोन्हीकडचे जोडरस्ते विसरण्यासारखे आहे हे.

शेवटी एका दात्याने माइक घेऊन दिला. पहिले काही आठवडे मौजेचे गेले. मधल्या सुट्टीत बाई तो बंद करायला विसरायच्या आणि शिक्षकांच्या खोलीत कोण कुणाविषयी काय बोलले हे वर्गाला सगळ्यांत आधी कळू लागले. केंद्रप्रमुख तपासणीला येणार ही बातमी आमच्या मुलीनेच फोडली. बाईंना हे समजले तेव्हा त्या आधी रागावल्या, मग हसल्या, आणि त्यानंतर बटण कधी विसरल्या नाहीत. खरी अडचण वेगळीच होती. माइक बाईंचा आवाज आणतो, मुलांचा नाही. मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिले आणि वर्ग हसला, की ही एकटी गंभीर. तेव्हा माइक मुलांच्या हातात फिरवायचा किंवा प्रत्येक उत्तर बाईंनी पुन्हा म्हणायचे असे ठरले. दुसऱ्या सवयीने बाकीच्या मुलांचाही फायदा झाला, असे बाईच म्हणाल्या.

पावसाळ्यात दमट खारी हवा यंत्राच्या मुळावर उठते. रात्री यंत्रे झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवायची, कानातल्या साच्याच्या नळीतले पाणी फुंकून काढायचे, आणि वीज जायच्या आत माइक चार्ज करायचा. ही कामे आजीने देवपूजेइतक्या नेमाने केली. शाळेत आम्ही चौघांनी मिळून पत्र्याखाली चटयांचे छत ताणले आणि मागच्या भिंतीला काथ्याच्या जाड चटया लावल्या. नारळाच्या सोडणापासून निघणारा काथ्या मधले आणि उंच ध्वनी बऱ्यापैकी शोषतो. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले. माइक मिळेपर्यंत कुठल्याही शाळेला एवढे करता येईल आणि माइक मिळाल्यावरही ते वाया जात नाही.

हे लिहिताना मला एका बाजूचे भान ठेवायला हवे. १८८० च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेपेक्षा बोलणे श्रेष्ठ ठरवले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले; त्याबद्दलची दिलगिरी व्हँकूवरच्या परिषदेत २०१० साली व्यक्त झाली. ज्यांना यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तडजोड नव्हे. माइक हा तिचा पर्याय म्हणून कुणी पुढे करत असेल तर मी त्या बाजूला नाही. तो फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्या कानात अजून काही उरले आहे आणि जे आज ऐकणाऱ्यांच्या वर्गात चौथ्या बाकावर बसले आहेत.

मुलगी आता आठवीत आहे. श्रुतलेखनात ‘त’ आणि ‘स’ जागेवर येतात. कधी सुटतात तेव्हा ते आम्हा सगळ्यांचे सुटतात तसेच. पण हायस्कुलात दर तासाला शिक्षक बदलतात, आणि दर तासाला तिला उठून माइक नव्या गळ्यात द्यावा लागतो. दिवसातून सात वेळा, सगळ्यांच्या देखत. यंदा जूनमध्ये तिने तो दोन आठवडे दप्तरातच ठेवला. मला म्हणाली, “काका, त्यांनी मागितला तर देईन.” गणिताच्या सरांनी तिसऱ्या आठवड्यात मागितला. इतिहासाच्या तासाला तो अजून दप्तरात आहे.