आगी मोजण्याची पंधरा वर्षं

भूजल वाचवण्यासाठी पंजाबने 2009 मध्ये कायदा केला : 10 जूनच्या आत भाताची लावणी करायची नाही. हेतू रास्तच होता. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळं करायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. हार्वेस्टरमागे राहिलेला पेंढा पेटवून देणं सर्वांत स्वस्त. शिवाय नोव्हेंबरात वारा पडलेला असतो. धूर हलत नाही. पाणी वाचवायला गेलो आणि हवा बिघडली, हे 2019 मध्ये संशोधकांनी आकडेवारीनिशी मांडलं.

दरम्यान 2015 मध्ये पेंढा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आली. 2018 पासून केंद्राने पेंढा न जाळता गहू पेरणाऱ्या हॅपी सीडरसारख्या यंत्रांना अनुदान दिलं, शेतकऱ्याला 50 टक्के, गटांना 80 टक्के.

यातलं काय लागू पडलं, हे ठरवायचं उपग्रहाला दिसलेल्या आगींवरून. तो उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्याआधी विझलेली किंवा नंतर पेटलेली आग त्याच्या हिशेबात येत नाही.

म्हणून 2019 चा पंजाबमधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पेंढा न जाळणाऱ्यांना पैसे देण्याचे करार झाले. काही गावांत सगळी रक्कम तपासणीनंतर, काही गावांत थोडी उचल आधीच, विनाअट. माणसांनी बांधावर जाऊन कोणतं रान जळालं ते नोंदवलं. त्या नोंदी आणि उपग्रहचित्रं यांवर ‘रँडम फॉरेस्ट’ हे मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवलं गेलं. ते आग शोधत नाही, जळाल्यानंतरची जमीन ओळखते. अचूकता 82 टक्के. एखाद्याला दंड करायला ती अपुरी आहे, दोन गटांची तुलना करायला मात्र पुरते.

निष्कर्ष स्पष्ट होता. नंतर पैसे देणाऱ्या करारांनी जाळणं कमी झालं नाही. ते पैसे बहुधा जे एरवीही जाळणार नव्हते त्यांनाच मिळाले. उचल मिळाली तिथे करार पाळणारे 8 ते 12 टक्के-बिंदूंनी वाढले. हातात पैसा नाही आणि पैसे नंतर मिळतील यावर भरवसा नाही, ही शेतकऱ्याची अडचण असू शकते, हे त्यातून दिसलं.

पुढे पंजाबातल्या नोंदलेल्या आगी 2020 मधल्या 83,002 वरून 2024 मध्ये 10,909 वर आल्या. पण त्याच हंगामात, दर काही मिनिटांनी चित्र घेणाऱ्या कोरियन उपग्रहाने दाखवलं की जाळण्याची वेळ दुपारनंतर सरकली आहे. म्हणून आगींची संख्या सोडून जळालेलं क्षेत्र मोजावं आणि 2018 पासूनच्या अनुदानाचा हिशेब त्यावर पुन्हा मांडावा.