डीपी नकाशातला जांभळा रंग: औद्योगिक जमीन आणि नोकऱ्यांचं गणित

तुमच्या शहराचा विकास आराखडा म्हणजे डीपी कधी उघडून पाहिलाय का? मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा तर ऑनलाइनच उपलब्ध आहे. त्यात साधारणपणे पिवळा रंग राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी आणि जांभळा उद्योगासाठी असतो. आज या जांभळ्या रंगाबद्दल बोलू, कारण तो पुसला गेला की तिथल्या नोकऱ्याही जातात.

नोकऱ्या मोजतात कशा?

सूत्र सोपं आहे. जमिनीचं क्षेत्रफळ गुणिले एफएसआय म्हणजे किती बांधकाम होणार ते. त्याला एका कामगारामागे लागणाऱ्या जागेने भागायचं.

समजा १ हेक्टरचा प्लॉट आहे, म्हणजे १०,००० चौरस मीटर, आणि एफएसआय १. कारखान्यात माणशी ४० चौरस मीटर धरले तर २५० नोकऱ्या. ऑफिसमध्ये माणशी १० धरले तर १,०००. गोदामात माणशी १०० धरले तर फक्त १००. (आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत, प्रत्यक्षात धंद्यानुसार बदलतात.) डेटा सेंटरमध्ये माणसं आणखी कमी, कारण बहुतेक जागा सर्व्हर, कूलिंग आणि जनरेटरच खातात. ऐरोली-महापे पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटर उभी राहतायत, तिथे नुसती गुंतवणुकीची रक्कम बघून रोजगाराचा अंदाज बांधू नका.

मग सगळीकडे ऑफिसंच बांधूया की! इथेच हे सूत्र फसवतं. किती नोकऱ्या ते सांगतं, कुणाला मिळणार ते सांगत नाही.

गिरणगावात काय झालं

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. नंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि मध्य मुंबईतल्या सुमारे ६०० एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळमानाने सांगायचं तर जमिनीचे तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची! गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेड होत्या, त्यामुळे पालिका आणि म्हाडाचा वाटा एकदम आटला. हायकोर्टाने २००५ मध्ये वेगळा अर्थ लावला होता, पण २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदललेला नियम कायम ठेवला. माझ्या मते शहराच्या दृष्टीने हा सगळ्यात महाग पडलेला शब्दखेळ आहे.

लोअर परळला आज ऑफिसं, मॉल, स्टुडिओ आहेत. नोकऱ्या परत आल्याच नाहीत असं नाही. पण साचा चालवणाऱ्याला त्या ऑफिसात कोण घेणार? त्याच्या वाट्याला आली म्हाडाची लॉटरी.

सॅटेलाइटला काय दिसत नाही

आराखड्याआधी जमिनीचा सध्याचा वापर नोंदवतात. हल्ली त्यासाठी सॅटेलाइट फोटो आणि जीआयएस असतं. पण वरून फक्त छप्पर दिसतं. धारावीत खाली चामड्याचं काम आणि वर घर असेल, तर त्या ठिपक्याला रंग कुठला द्यायचा? घर म्हणून नोंदलं की तो रोजगार हिशोबातूनच जातो. प्रत्यक्ष फिरून पाहणी लागतेच. मुंबईचा २०१५ चा पहिला मसुदा चुकांमुळे इतका गाजला की सरकारला तो नव्याने करायला लावावा लागला.

तुम्ही काय तपासाल?

तुमच्या भागातल्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटवर टॉवरचा बोर्ड लागला, तर तिथे 'आय टू आर' म्हणजे औद्योगिकचं निवासी झालंय का ते बघा. एकदा लोक राहायला आले की आवाज आणि ट्रकवरून तक्रारी सुरू होतात, मग शेजारचे उरलेले गाळेही टिकत नाहीत. उलटा प्रवास, म्हणजे टॉवर पाडून कारखाना, जवळपास अशक्य.

आराखडा किंवा त्यातला बदल मंजूर होण्याआधी १९६६ च्या एमआरटीपी कायद्यानुसार हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नोटीस राजपत्रात येते आणि मुदत ठरलेली असते. हरकत लिहिताना सर्व्हे किंवा सीटीएस नंबर, सध्या तिथे कोणता धंदा चालतो आणि किती माणसं कामाला आहेत हे जरूर लिहा, सोबत फोटो जोडा आणि पोच घ्या.